राइट्स ऑफ स्प्रिंगला इमोचा पहिला बँड म्हणायचं का?

इमो म्हणजे पंक रॉकमधून फुटलेली, 'इमोशनल' या शब्दावरून नाव पडलेली एक फांदी. तिचा इतिहास कुणीही सांगायला घेतला, तरी पहिलं नाव राइट्स ऑफ स्प्रिंगचं येतं. वॉशिंग्टन डीसीतल्या चौघांचा हा बँड. १९८४ मध्ये जमला आणि १९८६ उजाडताच मोडला. मागे एक अल्बम आणि एक ईपी, म्हणजे मोजक्या गाण्यांची छोटी रेकॉर्ड, राहिली. त्याचा गायक गी पिचिओटो याने पुढे मुलाखतींत स्पष्ट सांगितलं की, इमो नावाचा काही संगीतप्रकार आहे हेच मला मान्य नाही. याच इतिहासाच्या दुसऱ्या टोकाला बहुतेकांच्या तोंडी नाव येतं ते न्यू जर्सीच्या माय केमिकल रोमान्सचं. त्यांचा गायक जेरार्ड वे यानेही २००७ मध्ये हा शिक्का जाहीरपणे आणि चांगल्याच कडक शब्दांत झिडकारला.

म्हणजे मूळपुरुष म्हणतो मी यातला नाही, आणि सर्वांत प्रसिद्ध वारस म्हणतो मीही नाही. मग मधल्या वीस वर्षांच्या वंशावळीला काही अर्थ उरतो का? मला वाटतं, उरतो. पण तो शोधायचा तर राइट्स ऑफ स्प्रिंगचं प्रकरण मुळापासून तपासावं लागेल, कारण इमोच्या सीमेवरची जवळजवळ सगळी भांडणं इथेच सुरू होतात.

कसोटी कोणती लावायची

या वादात तीन कसोट्या नेहमी पुढे येतात. पहिली भावनेची: जो काळीज उघडं करून गातो तो इमो. ही कसोटी एका वाक्यात कोसळते. पिचिओटोचाच सवाल होता की, मग बॅड ब्रेन्ससारखे आमच्या आधीचे बँड काय यंत्रमानव होते का? दुसरी आवाजाची. तीही टिकत नाही, कारण १९८५ च्या राइट्स ऑफ स्प्रिंगचा गोंगाट आणि १९९९ च्या अमेरिकन फुटबॉल या बँडचे ट्रम्पेट घातलेले संथ तुकडे एकामागून एक ऐकवले, तर नवख्या माणसाला त्यांचं काही नातं असेल असं वाटणारही नाही. तिसरी कसोटी कपड्यांची, म्हणजे डोळ्यांवर आलेले काळे केस, काजळ आणि घट्ट जीन्स. हिच्याकडे पुढे येतो, कारण तिने संगीताबाहेर फार नुकसान केलं आहे.

मी वेगळी कसोटी लावतो. आपल्याकडे घराणं ठरवताना आधी विचारतात, तालीम कुणाची? आणि मग बघतात, त्या तालमीतलं गळ्यात काय उतरलंय? नुसती गुरुपरंपरा सांगून भागत नाही, आणि नुसता आवाज जुळूनही भागत नाही. इमोला हीच दुहेरी कसोटी सर्वांत चांगली बसते. इथे तालीम म्हणजे कोण कुणाबरोबर वाजवत होता, कुणाच्या तळघरात, कुणाच्या लेबलवर (म्हणजे रेकॉर्ड कंपनीकडून) आणि कुणाच्या हाताखाली रेकॉर्डिंग झालं. ही गोष्ट तपासता येते, आणि म्हणूनच ती मला भावनेपेक्षा भरवशाची वाटते.

डीसी, १९८५

वॉशिंग्टनच्या पोरांनी १९८० मध्ये टीन आयडल्स या आपल्याच बँडची ईपी काढण्यासाठी डिस्कॉर्ड हे लेबल काढलं. त्या बँडमधला इयन मॅकाय पुढे मायनर थ्रेट घेऊन उभा राहिला. हार्डकोअर, म्हणजे पंकचा आणखी वेगवान, कडक अवतार, किती आवळलेलं होतं हे ऐकायचं असेल तर त्यांचं 'स्ट्रेट एज' ऐकावं. अख्खं गाणं ४६ सेकंदांत संपतं. पण १९८३ मध्ये मायनर थ्रेट मोडला. गिगमध्ये, म्हणजे बँडच्या कार्यक्रमांत, मारामाऱ्या वाढल्या होत्या, डोकी भादरलेल्या दांडग्या स्किनहेड पोरांच्या टोळ्या यायच्या, आणि ज्यांनी हा सीन, म्हणजे बँड आणि श्रोत्यांचं हे वर्तुळ, उभं केलं त्यांनाच तिथे जावंसं वाटेनासं झालं होतं.

१९८५ च्या उन्हाळ्याला डीसीवाले 'रेव्होल्यूशन समर' म्हणतात. नेबरहूड प्लॅनिंग कौन्सिलच्या कचेरीत काम करणाऱ्या एमी पिकरिंगने कापलेली अक्षरं चिकटवून, खंडणीच्या पत्रांसारखी दिसणारी निनावी पत्रं मित्रमंडळींना धाडली, की तयार राहा, हा क्रांतीचा उन्हाळा आहे. जुन्याच मंडळींनी नवे बँड काढायचे, हिंसेला जागा द्यायची नाही, आणि बाहेरच्या जगाशीही झुंजायचं, असा तो बेत होता. त्याच उन्हाळ्यात ही मुलं दक्षिण आफ्रिकेच्या वकिलातीसमोर ढोल, डबे बडवत वर्णद्वेषाचा निषेध करायला उभी राहिली. हे मुद्दाम सांगतो, कारण इमोचा उगम खोलीचं दार लावून रडणाऱ्या मुलांमध्ये झाला, असा समज पक्का बसलाय. प्रत्यक्षात ती मुलं रस्त्यावर उभी होती.

राइट्स ऑफ स्प्रिंगचा अल्बम फेब्रुवारी १९८५ मध्ये आर्लिंग्टनच्या इनर इअर स्टुडिओत रेकॉर्ड झाला. स्टुडिओ म्हणजे डॉन झिएंटारा यांच्या घराचं तळघर. निर्माता मॅकाय. जूनमध्ये डिस्कॉर्डने तो बाजारात आणला.

आता तो अल्बम जवळून ऐकू. ब्रेंडन कँटीचे ड्रम्स अजून हार्डकोअरच्याच वेगात आहेत, त्यामुळे पहिल्या ऐकण्यात फरक कळतही नाही. फरक गिटारमध्ये आहे. एडी जॅनी नुसते जाड कॉर्ड्स कापत बसत नाही, तो वरच्या तारांवर सूर वाजू देतो, लांबू देतो. माइक फेलोजचा बेस गिटारची री ओढत नाही, त्याची स्वतःची चाल आहे. आणि या सगळ्याच्या वर पिचिओटोचा गळा. 'फॉर वॉन्ट ऑफ' मध्ये तो चढत्या ओळीवर आवाज फाटेपर्यंत जातो, सूर हातातून सुटतो, आणि तो सुटलेला सूर तसाच ठेवलेला आहे. दुसऱ्या कुठल्याही निर्मात्याने तो टेक पुन्हा घ्यायला लावला असता. शेवटचं 'एंड ऑन एंड' सात मिनिटांहून लांब चालतं. ४६ सेकंदांत गाणं संपवणाऱ्या सीनमध्ये हे धाडस होतं.

शब्दांतही एक बदल आहे आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आधीची हार्डकोअर गाणी बहुतेक समोरच्यावर बोट रोखून असत: पोलीस, शाळा, दारुडे मित्र. इथे बोट स्वतःकडे वळलं, आणि क्रियापद भूतकाळात गेलं. हातातून निसटलेली वेळ, धूसर होत चाललेली आठवण, आपण तेव्हा काय मानत होतो आणि आता काय मानतो. एका गाण्याचं नाव तर 'हेन्स पॉइंट' आहे, डीसीतली पोटोमॅक नदीकाठची जागा. आठवणींना गावातला पत्ता मिळाला. पुढे ज्याला इमो म्हणू लागले त्यातली निम्मी गाणी याच दोन गोष्टींवर उभी आहेत: प्रथमपुरुष आणि भूतकाळ.

पण पहिलेपण खरंच यांचं का?

इथे तालमीची कसोटी एक पायरी मागे नेते. गिटारवादक जॅनी याआधी द फेथ या बँडमध्ये होता. गायक होता इयनचा भाऊ अ‍ॅलेक मॅकाय. द फेथची 'सब्जेक्ट टू चेंज' ही ईपी १९८३ ची. ती ऐकली की राइट्स ऑफ स्प्रिंगच्या गिटारचा पाया कुठे घातला गेला ते लगेच कळतं: वेग तोच, पण मधूनच एक उदास चाल वर येते. द फेथ मोडल्यावर मायकल हॅम्प्टन, ख्रिस बाल्ड आणि आयव्हर हॅन्सन हे तिघे इयन मॅकायबरोबर एम्ब्रेस या नव्या बँडमध्ये गेले. म्हणजे ज्या दोन बँडना इमोचे मूळपुरुष म्हणतात, त्या दोघांतही द फेथची माणसं आहेत.

म्हणून उगमाची पाटी लावायचीच असेल तर माझ्या मते ती 'सब्जेक्ट टू चेंज' वर लावावी, आणि राइट्स ऑफ स्प्रिंगला पहिला पूर्ण वाढलेला बँड म्हणावं. मिनिआपोलिसच्या हस्कर डू या बँडचा 'झेन आर्केड' हा अल्बम जुलै १९८४ चा आहे, हार्डकोअरच्या चौकटीत चाल आणि अंतर्मुखता त्यांनीही आणली, म्हणून काही जण त्यांना पहिलेपण देतात. त्यांचा मोठेपणा मान्य. पण पुढे ज्यांना इमो म्हटलं गेलं त्यांच्याशी माणसामाणसांतून जोडणारा धागा डीसीतून निघतो, मिनिआपोलिसमधून नाही.

उलट बाजूही तपासायला हवी. त्याच उन्हाळ्यात त्याच लेबलवर बीफईटर हा बँड होता. फंक या ठेकेदार नाचत्या संगीताकडे झुकलेला, मांसाहाराविरुद्ध गाणारा. त्याला कुणी इमो म्हणत नाही, आणि बरोबरच आहे: सोबत होती, पण त्यांच्या गळ्यात वेगळंच काही उतरलं होतं. याच्या उलट फायर पार्टी. ती पत्रं धाडणाऱ्या एमी पिकरिंगचा हा बँड, चौघीही बाया, डिस्कॉर्डवरच १९८८ मध्ये ईपी. तालीम पक्की, गिटारचा लगाव तोच, गाणी आतल्याच आवाजाची. तरी इमोच्या याद्यांत हा बँड क्वचितच दिसतो. मला याचा मनापासून राग येतो. २००३ मध्ये जेसिका हॉपर यांनी पंक प्लॅनेट मासिकात लिहिलेला लेख गाजला. त्यांचं म्हणणं होतं की, इमोच्या गाण्यांत मुली फक्त हृदय तोडायला येतात, त्यांना स्वतःचं आयुष्य नसतं. पण मुली गाण्यांतून गायब होण्याच्या आधी इतिहासातून गायब झाल्या होत्या. ज्या उन्हाळ्यात हे सगळं सुरू झालं त्याची हाक देणारी बाईच यादीत नसेल, तर यादी दुरुस्त करायला हवी.

नकाराचं काय करायचं

'इमोकोअर' हा शब्द १९८५-८६ मध्ये फिरू लागला आणि स्केटबोर्डिंगच्या थ्रॅशर मासिकात छापून आला. एम्ब्रेसच्या एका गिगमध्ये मॅकायने मंचावरूनच त्याची खिल्ली उडवली. त्याचा युक्तिवाद पिचिओटोसारखाच होता: हार्डकोअर मुळातच भावनेचं संगीत आहे, मग आम्हालाच वेगळं का काढता?

हा नकार प्रामाणिक आहे, पण तो कशाला आहे हे नीट बघायला हवं. आपले मित्र, ज्यांच्यासोबत ते लहानाचे मोठे झाले, ते भावनाशून्य ठरावेत हे त्यांना सहन झालं नाही. एका गावातल्या ओळखीपाळखीच्या पोरांचं काम बाहेरच्याने डब्यात भरून त्यावर चिठ्ठी लावावी, हेही नाही. पण आम्ही काही नवं केलं नाही, असं त्यांचं कामच म्हणू देत नाही. कलावंताने नाव नाकारलं म्हणून त्याने पाडलेली वाट नाहीशी होत नाही.

मधली आठ वर्षं

या वंशावळीतला सर्वांत नाजूक सांधा १९८६ ते १९९४ चा. अ‍ॅनापोलिसचा मॉस आयकॉन, डीसीचाच हूवर, सॅन दिएगोच्या ग्रॅव्हिटी लेबलवरचा हेरॉइन, असे बँड होते. यातली एक फांदी किंकाळीकडे गेली आणि तिला पुढे स्क्रीमो म्हणू लागले. पण हे सगळे फार थोड्यांपर्यंत पोचले. मग डीसीतली तालीम शिकागो, सिएटल, टेक्सासपर्यंत नेली कुणी?

माझ्या मते फुगाझीने. १९८७ मध्ये मॅकायने काढलेल्या या बँडमध्ये पिचिओटो आणि कँटी हे राइट्स ऑफ स्प्रिंगचे दोघे होते. २००२ पर्यंत त्यांनी हजाराच्या घरात कार्यक्रम केले, तिकीट पाच डॉलरच्या आसपास, आणि वयाची अट नाही. ही शेवटची गोष्ट कळीची. अमेरिकेत दारू मिळते त्या जागी २१ वर्षांखालच्यांना सहसा आत घेत नाहीत, म्हणून फुगाझी चर्चचे हॉल, शाळांचे जिम, कम्युनिटी सेंटर अशा जागा शोधून वाजवायचा. पंधरा-सोळा वर्षांची पोरं पुढच्या रांगेत उभी राहून ऐकत. फुगाझीला स्वतःला इमो म्हणणं मला पटत नाही. त्यांचा ताल, त्यांचं राजकारण वेगळीकडे गेलं. पण इमो देशभर पोचलं ते त्यांच्या व्हॅनमधून, असं मी ठामपणे म्हणेन.

१९९४ मध्ये सिएटलच्या सनी डे रिअल इस्टेटचा 'डायरी' सब पॉप लेबलवर आला. हार्डकोअरमधूनच आलेली पोरं, पण जेरेमी एनिकचा उंच, थरथरता गळा आणि पसरत जाणाऱ्या गिटार यांनी इमोला मोठं आकाश दिलं. न्यूयॉर्कच्या टेक्सास इज द रीझनमध्ये शेल्टर आणि १०८ या बँडमधले वादक होते. हे दोन्ही बँड कृष्णभक्त हार्डकोअरवाल्यांचे, आणि १०८ हे नाव जपमाळेच्या मण्यांवरून. आपल्या वाचकांना याचं नवल वाटेल, पण न्यूयॉर्कच्या हार्डकोअरमध्ये हरे कृष्ण मंडळी चांगलीच रुजली होती, आणि तिथूनही एक धागा इमोत आला.

शिकागोत कॅप्न जॅझ नावाची किशोरवयीन पोरं होती. बेसूर, धावपळीची आणि विलक्षण जिवंत. पूर्ण लांबीचा एकच अल्बम काढून १९९५ मध्ये बँड फुटला. पण फुटून जे उगवलं ते बघा. ड्रम्स वाजवणारा माइक किन्सेला अमेरिकन फुटबॉलमध्ये गायला लागला. त्यांच्या १९९९ च्या अल्बमच्या मुखपृष्ठावरचं अर्बाना, इलिनॉय इथलं साधं पांढरं घर इतकं पूज्य झालं की २०२३ मध्ये बँडने, पॉलिव्हिनिल लेबलने आणि इतर काही जणांनी मिळून ते विकत घेतलं, पाडलं जाऊ नये म्हणून. कॅप्न जॅझचा गिटारवादक डेव्ही फॉन बोलन याने मिलवॉकीत द प्रॉमिस रिंग काढला. आणि २००१ मध्ये अ‍ॅरिझोनाच्या जिमी ईट वर्ल्डचा 'ब्लीड अमेरिकन' आला, ज्यातलं 'द मिडल' रेडिओवर सतत वाजत होतं. त्या अल्बममध्ये 'अ प्रेझ कोरस' नावाचं गाणं आहे, आणि त्यात पाहुणा आवाज फॉन बोलनचा आहे. तो तिथे प्रॉमिस रिंगच्याच गाण्यातली ओळ गातो. ज्यांना जिमी ईट वर्ल्ड हे नुसतं रेडिओचं पॉप वाटतं त्यांनी हे गाणं कान देऊन ऐकावं. बँड स्वतःच उभा राहून सांगतोय की आमची तालीम कुठली.

वीझरचा १९९६ चा 'पिंकर्टन' मात्र या कसोटीवर बाहेर पडतो. लॉस एंजेलिसचा, मोठ्या लेबलचा बँड, या मंडळींशी काही देणंघेणं नव्हतं. पुढच्या पोरांनी तो अल्बम उराशी धरला हे खरं, पण तो त्यांनी दत्तक घेतलेला पूर्वज आहे.

कपडे आणि काठ्या

२००२ मध्ये डॅशबोर्ड कन्फेशनल या बँडने एमटीव्हीवर 'अनप्लग्ड' हा कार्यक्रम केला आणि श्रोते प्रत्येक ओळ गायकाबरोबर गाताना सगळ्यांनी पाहिले. तिथून पुढे इमो हे दिसण्याचं नाव झालं. याची किंमत ज्यांनी मोजली त्यांचा डिस्कॉर्डशी काडीचा संबंध नव्हता. मार्च २००८ मध्ये मेक्सिकोतल्या केरेतारो शहरात जमावाने केसांवरून, कपड्यांवरून इमो ठरवलेल्या पोरांना भर चौकात मारलं. २०१२ मध्ये इराकमध्ये इमो म्हणून तरुणांचे खून झाले. कोणतं संगीत इमो आणि कोणतं नाही, हा वाद मला कधीच फावल्या वेळचा वाटला नाही तो यामुळे. नावाचा संगीताशी असलेला धागा तुटला की ते नाव कुणावरही फेकून मारता येतं.

न्यू जर्सीचा निकाल

आता माय केमिकल रोमान्स. न्यू ब्रन्स्विकमध्ये जेफ रिकली आपल्या घराच्या तळघरात गिग भरवायचा. त्याचा बँड थर्सडे त्याच तळघरांच्या सीनमधून आला, आणि २००१ चा 'फुल कोलॅप्स' ऐकला की स्क्रीमोची फांदी आणि चालीची फांदी पुन्हा एकत्र आलेली कळते. माय केमिकल रोमान्सचा २००२ चा पहिला अल्बम आयबॉल या तिथल्याच छोट्या लेबलवर निघाला आणि त्याचा निर्माता होता हाच रिकली. गळा फाटेपर्यंत जाणारा, सुटलेला सूर तसाच ठेवणारा तो अल्बम आहे. तालीम आहे, तालमीचा ठसाही आहे. तो इमो आहे, जेरार्ड वे काहीही म्हणो.

२००६ चा 'द ब्लॅक परेड' मात्र वेगळा. ग्रीन डे या बँडबरोबर काम केलेला रॉब कॅव्हलो निर्माता, क्वीन या बँडच्या थाटाचे ठेवणीतले समूहस्वर, आणि 'मामा' या गाण्यात चक्क रंगभूमी-सिनेमातली गायिका-अभिनेत्री लायझा मिनेली. मरणाऱ्या रुग्णाची कथा सांगणारा तो रंगमंची रॉक आहे, आणि फार चांगला आहे. तिथे प्रथमपुरुष आहे तो पात्राचा, आणि आवाज कुठेही नकळत फाटत नाही. फाटतो तेव्हा नाटकाची गरज म्हणून फाटतो. त्या अल्बमपुरता जेरार्ड वेचा नकार मी मान्य करतो. बँड एकच, पण त्यांचा पहिला अल्बम सीमेच्या आत आणि तिसरा बाहेर, असा माझा निकाल आहे. २००४ चा दुसरा अल्बम बरोबर रेषेवर उभा आहे, आणि त्यातली काही गाणी मी अजूनही एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला ठेवतो.